रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालू

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पोटात काही बिघडलं, विशेषतः शिवलेल्या जागेतून गळती सुरू झाली, तर त्याची पहिली चुगली बहुतेक वेळा नाडी करते. ताप मागाहून येतो, पोट कडक होणं त्याहूनही उशिरा. ऑपरेशनला दोन-तीन दिवस झालेत, दुखणं औषधाने आटोक्यात आहे, सलाईन भरपूर गेलंय, माणूस नुसता पडून आहे आणि तरी ठोके मिनिटाला १२० च्या खाली उतरत नाहीत, तर जाणता सर्जन बाकी सगळं ठीक दिसत असूनही स्वस्थ बसत नाही. पोटाच्या भिंतीत चरबीचा जाड थर असला की आतली सूज हाताला लागत नाही, त्यामुळे पोट दाबून निदान करायची सवय इथे उपयोगी पडत नाही. डाव्या खांद्यातलं दुखणं, न थांबणारी उचकी, काहीतरी वाईट होणार अशी अंगावर येणारी बेचैनी, या तक्रारी ऐकायला किरकोळ वाटतात. पण श्वासपटलाखाली द्रव साचू लागला की त्याची कळ खांद्यात उठते. (दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या गॅसनेही पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. ती कळ दिवसागणिक कमी होत जाते. वाढत जाणारी कळ वेगळी.)

वैद्यकातल्या बहुतेक तपासण्या न कापलेल्या पोटासाठी बेतलेल्या आहेत. किती प्यायचं, किती तास उपाशी राहायचं, दुर्बीण कुठवर जाते, कोणता आकडा नॉर्मल, हे सगळं जठर अख्खं आणि आतडं जागच्या जागी आहे असं धरून ठरवलेलं असतं. ज्याच्या बाबतीत हे गृहीतच खरं नाही, त्याच्या हातात 'सगळं नॉर्मल' असा कागद येतो तेव्हा त्याचा अर्थ 'काही झालेलं नाही' असा होत नाही. जे विचारलं होतं त्याचं उत्तर 'नाही' आलं, इतकाच होतो. विचारायला हवं होतं तेच विचारलं का, हे पुन्हा पाहावं लागतं.

त्यासाठी आधी आत काय केलंय ते माहीत हवं, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते रुग्णालाच नेमकं माहीत नसतं. 'पोटाचं ऑपरेशन झालंय' एवढ्यावर काम भागत नाही. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. अन्नाचा रस्ता मात्र तोच राहतो. बायपासमध्ये वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी ठेवून तिला थेट लहान आतडं जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, रस पाझरत राहतं, पण अन्न तिकडे फिरकत नाही. वन अॅनास्टोमोसिस बायपासमध्ये, ज्याला बोलताना मिनी बायपास म्हणतात, जोड एकच आणि पिशवी लांबट. तिन्हींच्या तक्रारी वेगळ्या, तपासण्याही वेगळ्या. म्हणून डिस्चार्ज कार्डाबरोबर मूळ ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्यावी. तिच्यात ऑपरेशनचा नेमका प्रकार, आतड्याच्या प्रत्येक फाट्याची लांबी, आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून वर आणलं की मागून, आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात तयार झालेल्या फटी शिवल्या की नाहीत, या गोष्टी लिहिलेल्या असतात. रात्री दोन वाजता अनोळखी इमर्जन्सी विभागात पोहोचल्यावर हा एक कागद दहा जुन्या रिपोर्टांपेक्षा कामाचा ठरतो. तिथल्या नर्सने नेहमीच्या सरावाने नाकातून नळी घालायला घेतली आणि जोड ताजा असेल, तर आंधळेपणाने सरकवलेली नळी जोडालाच भोक पाडू शकते. दुखतंय म्हणून दिलेली आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी बायपास झालेल्या माणसाला अल्सरकडे ढकलू शकते. हे आधीच सांगावं लागतं, आणि सांगायचं तर माहीत असावं लागतं.

गळतीकडे परत येऊ. स्लीव्हमध्ये गळती बहुधा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्याजवळ होते. नळी अरुंद असल्यामुळे आत दाब जास्त, खाली वळणापाशी जरा जरी अडथळा असला तरी तो दाब आणखी वाढतो, आणि वरच्या कोपऱ्याला रक्तपुरवठा आधीच बेताचा. शिवाय ही गळती नेहमी हॉस्पिटलमध्ये असतानाच कळते असं नाही, घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनीही दिसते. तपासायचं तर तोंडावाटे आणि शिरेवाटे, दोन्हीकडून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं द्रावण, देऊन सीटी स्कॅन. तोंडावाटे देतात ते पाण्यात विरघळणारं, कडवट द्रावण. गळतीची शंका असताना बेरियम देत नाहीत, कारण ते पोटाच्या पोकळीत सांडलं तर तिथेच चिकटून राहतं आणि दाह वाढवतं. पाण्यात विरघळणाऱ्या द्रावणाचीही एक खोड आहे. तीव्र प्रकारचं द्रावण ओकारीत फुफ्फुसात गेलं तर तिथे पाणी भरतं. त्यामुळे माणूस सारखा ओकत असेल तर सौम्य प्रकार मागावा लागतो.

खरी अडचण होते ती प्रमाणाची. सीटीच्या आधी तासाभरात लिटरभर कॉन्ट्रास्ट संपवा, अशी सूचना छापील कागदावर असते आणि तंत्रज्ञ ती जशीच्या तशी वाचून दाखवतो. ३० मिलीलिटरच्या पिशवीच्या माणसाने ती मनावर घेतली तर अर्ध्या वाटेत सगळं बाहेर येणार, आणि तेही नको त्या वेळी. इथे गरजच थोड्याची असते. छोटे घोट, मध्ये वेळ सोडून, आणि शेवटचे काही घोट टेबलावर आडवं होण्याच्या अगदी आधी, म्हणजे फोटो काढताना द्रावण नेमकं जोडापाशी असतं. हे तंत्रज्ञाला नाही, रेडिओलॉजिस्टला विचारून ठरवून घ्यावं. वजन अजून खूप असेल तर टेबलाची वजनमर्यादा आणि मशीनच्या गोलाचा व्यास, जो साधारण ७० सेंटिमीटर असतो, फोनवरच विचारलेला बरा. स्ट्रेचरवरून तिथवर जाऊन परत फिरण्यात जो अपमान आहे, तो टाळता येण्यासारखा आहे.

नुसतं द्रावण पिऊन एक्स-रेखाली पाहण्याची तपासणी सोपी, पण तिच्या निकालावर विसंबून राहू नये. वरचा जोड ती बऱ्यापैकी दाखवते, पण खालचा जोड (बायपासमध्ये आतड्याला आतडं जोडतात तो) आणि बंद पडलेलं जठर तिच्या नजरेबाहेर राहतात. सीटीसुद्धा छोटी गळती चुकवते. स्कॅन स्वच्छ, पण नाडी धावतेच आहे, श्वास वाढलाय, माणूस कसासाच दिसतोय, अशा वेळी पोटाला छिद्र करून पुन्हा दुर्बीण घालून आत प्रत्यक्ष बघणं हाच निर्णय योग्य ठरतो. धावणाऱ्या नाडीचं दुसरं कारण फुफ्फुसात अडकलेली गुठळी. तिच्यासाठी डी-डायमरची रक्ततपासणी करण्यात इथे अर्थ नाही, कारण कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर ती वाढलेलीच येते. फुफ्फुसाच्या धमन्यांचा सीटी अँजिओ करावा लागतो. स्लीव्हनंतर यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही गुठळी होऊ शकते. तिची खूण म्हणजे काही दिवसांनी वा आठवड्यांनी सुरू झालेलं, कशातच न बसणारं पोटदुखीचं गाऱ्हाणं. सीटीच्या फॉर्मवर ही शंका लिहिलेली नसेल, तर फोटो शिरांमध्ये द्रावण भरण्याच्या वेळेला निघत नाहीत आणि गुठळी निसटते. फॉर्मवरची 'पोटदुखी' आणि 'स्लीव्हनंतर तिसरा आठवडा, शिरेतल्या गुठळीची शंका' या दोन नोंदींतून दोन वेगळे स्कॅन निघतात.

पहिला महिना सुखरूप गेला की उलट्यांचा प्रश्न येतो. 'घाईने खाल्लं असेल', 'नीट चावलं नसेल' हे उत्तर तयार असतं आणि पुष्कळदा खरंही असतं. पण खाण्याचे नियम पाळूनही आधी घन, मग मऊ, मग पातळ, असं एकेक खाली उतरेनासं होत असेल, तर जोड आकसतोय. बायपासमध्ये हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, निदान आणि उपचार एकाच बैठकीत होतात. दुर्बिणीची नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर जाड असते. ती जोडातून जात नसेल तर जोड त्याहून अरुंद आहे, मोजपट्टीची गरज नाही. मग फुगा घालून तो १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत हळूहळू रुंद करतात. एका फटक्यात जास्त ताणलं तर फाटतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा बोलावतात. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे पहिल्यांदा काही चुकलं, असं समजू नये.

स्लीव्हची गोष्ट निराळी आणि फसवी. तिथे अडथळा पुष्कळदा मधल्या वळणापाशी असतो आणि तो आकसण्यापेक्षा पीळ पडल्याचा असतो. दुर्बीण आत जाताना तो पीळ सरळ करत जाते, त्यामुळे रिपोर्टात 'दुर्बीण सहज गेली' असं लिहून येतं. दुर्बीण बाहेर आली की नळी पुन्हा पिळते आणि घोटभर पाणी वरच थांबतं. अशा माणसाला उभं करून, घोट घोट द्रावण पाजत, चालत्या एक्स-रेखाली पाहिलं की वरचा भाग फुगलेला आणि पुढे बारीक धार, असं स्पष्ट दिसतं. दोन तपासण्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात तेव्हा कोणती खरी, या वादात वेळ जातो. इथे दोन्ही खऱ्या असतात. एकीने स्थिर भोक मोजलं, दुसरीने चालतं काम पाहिलं.

स्लीव्हनंतर छातीत जळजळ हा तर नित्याचा अनुभव. सहा महिने आम्ल कमी करणारी गोळी घेऊनही ती हटत नसेल, तर चोवीस तास आम्ल मोजणारी बारीक तार नाकातून अन्ननलिकेत ठेवतात. एकूण वेळेच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ आम्ल असेल तर ठीक, ६ टक्क्यांच्या वर असेल तर आजार निश्चित. त्याआधी गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवतात, म्हणजे तो आठवडा जळजळीतच काढायचा. त्या चोवीस तासांत मुद्दाम जपून खाऊ नये, आडवं पडायचं टाळू नये. नेहमी जे होतं ते व्हायला हवं, नाहीतर रिपोर्ट चांगला येतो आणि दुखणं तसंच राहतं. आणि जळजळ नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. स्लीव्हनंतर तक्रार नसतानाही अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं सापडतं, म्हणून वर्षभराने एक एंडोस्कोपी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक, अशी शिफारस बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली आहे.

बायपासच्या जोडाला होणारा अल्सर आतड्याच्या बाजूला होतो, कारण आतड्याच्या अस्तराला आम्लाची सवय नसते. त्याची कारणं ठरलेली आहेत: तंबाखू, वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टर जंतू, आणि कधी जोडाशी राहून गेलेला टाका वा स्टेपल. तंबाखूबद्दल तोंडी उत्तरावर विश्वास न ठेवता काही डॉक्टर कोटिनीनची तपासणी लावतात. ती निकोटिनच्या च्युइंगगमने वा पट्टीनेही पॉझिटिव्ह येते, हे रुग्णाने आधीच सांगितलं तर पुढचा अवघड संवाद टळतो. जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत. गोळी चालू ठेवून केलेली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तिला फारशी किंमत नाही. उपचारातही एक बारकावा आहे. आम्ल कमी करणारी कॅप्सूल न उघडता गिळली तर छोट्या पिशवीत ती विरघळायच्या आत पुढे निघून जाते. उघडून घेतलेल्या कॅप्सूलने अल्सर लवकर भरतो, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मात्र कोणतीही कॅप्सूल आपल्या मनाने उघडू नये, डॉक्टरांना विचारून.

वजन पुन्हा चढू लागलं आणि जोडीला अल्सर बरा होत नसेल, तर पिशवी आणि बंद जठर यांच्यामध्ये वाट तयार झाली का, हे पाहायला लागतं. द्रावण पाजून फोटो काढले की बंद जठरात द्रावण दिसतं. पण ते लगेच दिसलं की उशिरा, यावर सगळं ठरतं. उशिरा दिसलेलं द्रावण खालच्या जोडातून उलटं वर चढलेलंही असू शकतं. फोटो कोणत्या मिनिटाला काढलाय ते न पाहता काढलेला निष्कर्ष माणसाला नाहक दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत नेऊ शकतो.

आता रक्त. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी, जन्मभर. पहिली दोन वर्षं लोक काटेकोरपणे जातात, मग तब्येत उत्तम, कौतुक भरपूर, कोण सुया टोचून घेतं? नेमक्या त्याच वेळी शिल्लक संपत आलेली असते. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे त्याची टंचाई उशिराने, चोरपावलाने येते. लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असतील तर एकाने रक्तपेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी आकार नॉर्मल येतो. तेव्हा सरासरीच्या शेजारचा आरडीडब्ल्यूचा आकडा, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाचावी. फेरिटिन हा लोहाचा साठा सांगणारा आकडा, पण अंगात कुठेही सूज वा संसर्ग असेल तर तो फुगतो. बी-१२ रक्तात काठावर असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर मिथिलमॅलोनिक आम्लाची तपासणी खरं काय ते सांगते. मूत्रपिंड अधू असेल तर तीही वाढलेली येते, एवढं ध्यानात ठेवायचं. नुसतं फोलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतू मात्र आत झिजत राहतात. आणि गोळी न घेताच फोलेट वाढलेलं आलं तर आनंद मानू नये. आतड्यात जास्त झालेले जंतू ते बनवत असतील.

तांबं हे नाव बहुतेकांना या यादीत अनपेक्षित वाटतं. केस गळतात म्हणून जस्ताच्या गोळ्या भरमसाट घेतल्या जातात, जस्त आतड्यात तांब्याची वाट अडवतं, आणि काही महिन्यांनी चालताना तोल जायला लागतो. लक्षणं हुबेहूब बी-१२ च्या टंचाईसारखी. बी-१२ नॉर्मल आलं की शोध तिथेच थांबतो. रक्तात पांढऱ्या पेशी कमी, हिमोग्लोबिन कमी आणि चाल बिघडलेली, असं त्रिकूट दिसलं तर तांबं तपासायला सांगावं, तेही सूक्ष्म धातूंसाठी असलेल्या खास नळीत. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली केसगळती बहुधा आपोआप थांबते, हे सांगूनही कोणी ऐकत नाही, आणि त्यातून बायोटिनचं प्रकरण उद्भवतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची, बाजारातल्या केसांच्या गोळीत ५ ते १० हजार मायक्रोग्रॅम. लॅबमधल्या कित्येक तपासण्या बायोटिनचाच हूक वापरून रसायनं पकडून ठेवतात. रक्तात बायोटिनचा महापूर असला की थायरॉइडचं टीएसएच, कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक पीटीएच आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येतं, तर थायरॉइडचीच टी-३, टी-४ खोटी जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस ही गोळी बंद ठेवावी आणि घेत असल्याचं लॅबला सांगावं. मूळ थायरॉइडचा आजार नसलेल्या माणसाला त्या आजाराचं औषध सुरू होण्याइतकी ही चूक मोठी असते.

कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडं शाबूत आहेत असं समजू नये. रक्तातलं कॅल्शियम शरीर शेवटपर्यंत सांभाळतं, त्यासाठी हाडांतून काढून घेतं. आधी वाढतं ते पीटीएच. म्हणून कॅल्शियम, पीटीएच आणि डी जीवनसत्त्व हे तिन्ही आकडे एकत्र वाचायचे. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, आणि अल्ब्युमिन स्वतः प्रथिनं कमी खाल्ल्याने जितकं उतरतं त्याहून जास्त अंगातल्या सुजेने उतरतं. क्रिएटिनिनचंही तसंच. स्नायू घटले की क्रिएटिनिन घटतं आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा सुदृढ दिसतं. शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी मागावं, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं हिमोग्लोबिन ए-वन-सी लोहाच्या टंचाईत खोटं वर जातं. मधुमेह 'परत आला' म्हणण्याआधी एकदा लोह बघा.

या सगळ्यात एक जीवनसत्त्व असं आहे की ज्याच्या रिपोर्टची वाट बघायचीच नसते. बी-१, म्हणजे थायमिन. त्याचा साठा फार तर दोन-तीन आठवड्यांचा. ऑपरेशननंतर कधीही, दोन-तीन आठवडे रोज उलट्या होत असतील आणि त्यात नजर दोन-दोन दिसू लागली, डोळे लटलटू लागले, चालताना पाय फाकले, बोलण्यात गोंधळ झाला, तर मेंदूला इजा होत आहे. तपासणीसाठी पेशी वेगळ्या न काढलेलं अखंड रक्त, उजेडापासून झाकून पाठवावं लागतं आणि निकाल यायला दिवस लागतात. म्हणून रक्त काढून ठेवायचं आणि शिरेवाटे थायमिन लगेच सुरू करायचं. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी थायमिन, मग ग्लुकोजचं सलाईन. उलट्यांनी थकलेल्या माणसाला तरतरी यावी म्हणून आधी ग्लुकोज लावलं, तर उरलंसुरलं थायमिन ते पचवण्यात खर्च होतं आणि माणूस आणखी बिघडू शकतो. बॅरिअॅट्रिकच्या रुग्णाने, निदान त्याच्या सोबत असणाऱ्याने, हे एक वाक्य पाठ करावं.

बायपासला वर्ष उलटून गेल्यावर काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झटके येतात. साखर पडते. नेहमीची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिण्याची तपासणी अशा माणसाला फारच जड जाते. साखर अर्ध्या तासात उंच चढते, मग कोसळते, तो दिवस वाया जातो, आणि एवढं करूनही रोजच्या जेवणानंतर काय होतं ते कळत नाही. त्यापेक्षा मिश्र आहार देऊन, दर अर्ध्या तासाने शिरेतलं रक्त घेत केलेली तपासणी बरी. तीन गोष्टी एकत्र सापडायला हव्यात: लक्षणं, त्याच वेळी ५४ मिलिग्रॅमच्या खाली साखर, आणि साखर वाढल्यावर लक्षणं जाणं. नळी लॅबमध्ये पडून राहिली तर रक्तपेशी तासागणिक साखर खात राहतात, त्यामुळे नमुना लवकर वेगळा करायला सांगावं. दंडावरचा, साखर सतत मोजणारा सेन्सर कल द्यायला छान, पण निदानाला नाही. तो काही मिनिटं मागे चालतो, आणि त्या कुशीवर झोपलं की दाबानेच साखर कमी दाखवतो. पहाटे तीनला अलार्म झाला तर आधी कूस बदलावी, मग बोटाला टोचून पाहावं. साखर उपाशीपोटीच पडत असेल, किंवा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच पडत असेल, तर दोष बायपासवर ढकलून चालणार नाही. तेव्हा इन्सुलिन बनवणारी गाठ वगैरे शोधावी लागते. गरोदरपणातला मधुमेह तपासायलाही बायपासनंतर ग्लुकोज पाजत नाहीत, आठवडाभर घरीच बोटाची साखर मोजतात.

पित्ताशयातले खडे झपाट्याने वजन उतरताना होतात, सोनोग्राफीत दिसतात. त्यावर जास्त बोलायला नको. फक्त खडा मुख्य नळीत उतरला तर बायपासमध्ये नेहमीची दुर्बीण तोंडावाटे तिथवर पोहोचतच नाही. पोटातून बंद जठरात छिद्र करून वाट काढावी लागते, आणि हे सगळीकडे होत नाही.

सर्वांत फसवं दुखणं मात्र आतड्याचं. बायपासमध्ये आतडं वर ओढून जोडल्यावर त्याच्या पडद्यात फटी तयार होतात. एक खालच्या जोडापाशी, दुसरी वर आणलेल्या फाट्याच्या मागे, जिला पीटरसनची जागा म्हणतात, आणि आतडं मोठ्या आतड्याच्या मागून नेलेलं असेल तर तिसरीही. वजन उतरतं तशी पडद्यातली चरबी विरघळते आणि फटी सैल होतात. वर्ष-दोन वर्षांनी, सगळं उत्तम चाललेलं असताना, आतड्याचं वेटोळं त्यातून सरकतं. जेवणानंतर बेंबीच्या वर किंवा डावीकडे पिळवटणारी कळ, पाठीत जाणारी, गुडघ्यांवर ओणवं झालं की कमी होणारी. मग आपोआप थांबते. ओकारी फारशी नसते, कारण पिशवीत ओकण्यासारखं काही साचतच नाही. म्हणून इमर्जन्सीमध्ये अॅसिडिटी ठरते. पित्त वाहून आणणारा फाटा अडकला असेल तर अमायलेज, लायपेज वाढतात आणि स्वादुपिंडाच्या सुजेचा शिक्का बसतो. साध्या एक्स-रेत तो फाटा हवेऐवजी पाण्याने भरलेला असल्याने काही दिसत नाही. आतड्याला रक्त कमी पडलं की वाढणारं रक्तातलं लॅक्टेट तर आतडं काळं पडू लागेपर्यंत नॉर्मलच राहतं.

सीटीत शोधायची ती आतड्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी फिरलेली गुंडाळी. ती कळ चालू असतानाच दिसते. चार दिवसांनी अपॉइंटमेंट घेऊन काढलेल्या स्कॅनपर्यंत वेटोळं जागेवर परत गेलेलं असतं. म्हणून कळ असेल तेव्हाच स्कॅन, आणि वाचणारा रेडिओलॉजिस्ट अशी पोटं पाहिलेला हवा. गरोदर बाईला वाढत्या गर्भाशयाने आतडी वर ढकलली गेल्यावर हा धोका वाढतो आणि तिचं दुखणं हमखास गरोदरपणाच्या खाती जमा होतं. स्कॅन स्वच्छ असला आणि कळा पुन्हा पुन्हा येत असल्या, तरी बॅरिअॅट्रिक सर्जन पोटाला छिद्र करून दुर्बीण घालून पाहण्याचा आग्रह धरतात, आणि तो आग्रह रास्त आहे.

आत गेल्यावर ते वरून, जोडापासून सुरुवात करत नाहीत. अडकलेल्या वेटोळ्यात कोणतं टोक कुठलं ते कळत नाही आणि चुकीच्या दिशेने ओढलं तर पीळ घट्ट होतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा पक्की असते. तिथून धरून, हातभर हातभर मागे येत, सगळं आतडं फटीतून मोकळं करत खालच्या जोडापर्यंत पोहोचतात. मग रंग परततो का ते थांबून पाहतात आणि फटी न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून टाकतात. वेटोळं जागेवर सापडलं आणि फटी मात्र उघड्या दिसल्या, तरीही त्या शिवतात. पुष्कळांच्या कळा त्यानंतर थांबतात. फटी आधीपासून बंदच निघाल्या, तर कळेचं कारण दुसरीकडे आहे: पित्ताशय, जोडावरचा अल्सर किंवा खालच्या जोडापाशी बसलेला बाक. त्या जागा त्याच भूल दिलेल्या अवस्थेत तपासून घ्यायच्या का, हे सर्जनशी ऑपरेशनच्या आधी बोलून ठरवावं आणि संमतिपत्रावर तसं लिहून घ्यावं.